चार बोटं कपाळ

(दृश्य : जळगाव, मे महिन्यातली दुपार. केस प्रत्यारोपणाच्या दवाखान्याच्या बाकावर बाप आणि मुलगा.)

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय इथे कुणी घराबाहेर पडत नाही. पण हा तरुण पंख्याखाली बसूनही रुमाल सोडत नाही. यावल तालुक्यातला, वय चोवीस, घरची केळीची बाग. लग्न ठरलंय, दिवाळीनंतरचं. मोबाईलमध्ये एका नटाचा फोटो आहे. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या तो पुढे करतो : "सर, असंच पायजे."

डॉक्टर फोटो नंतर बघू म्हणतात. आधी रुमाल सोडायला लावतात.

(दृश्य : आरसा. मार्करची निळी रेघ.)

भुवयांच्या मधोमधपासून वर साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे आडवी चार बोटं. तिथे डॉक्टर रेघ ओढतात : नवे केस इथून सुरू. मुलगा आरशात बघतो, अंगठा ओला करून रेघ पुसतो आणि बोटभर खाली दाखवतो. "इथून."

सगळं घोडं अडतं ते या बोटभर जागेत. रेघ बारा सेंटिमीटर लांब धरा. ती दीड सेंटिमीटर खाली आणली की अठरा चौरस सेंटिमीटर रान वाढलं. चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे पुंजके, लावायचे म्हटले, तर ७२० ग्राफ्ट नुसत्या हौसेपोटी गेले. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. जाहिरातीत मोठा आकडा दिसला तर तो ग्राफ्टचा आहे की केसांचा, हे आधी विचारून घ्यावं.

हे ग्राफ्ट येतात डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून. तिथले केस टकलाला सहसा दाद देत नाहीत, आणि पुढे आणून लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हे १९५९ साली मांडलं. सगळी शस्त्रक्रिया आजही याच पायावर उभी आहे. तिची मर्यादाही तिथेच आहे.

ती मर्यादा डॉक्टर केळीवाल्याला बागेच्या भाषेत सांगतात. "नांग्या भरताना तुम्ही रोपं कुठून आणता?"

"नर्सरीतून."

"इथे नर्सरी नाही भाऊ. तुमच्याच बागेच्या मागच्या ओळीतलं झाड उपटायचं आणि पुढे लावायचं. उपटलं तिथे परत येत नाही."

मुलगा पहिल्यांदाच गप्प होतो.

(दृश्य : वडिलांची पांढरी टोपी, जवळून.)

मग डॉक्टर वडिलांकडे वळतात. "नाना, टोपी काढता का जरा?" नाना संकोचतात, पण काढतात. कपाळापासून शेंडीपर्यंत रान मोकळं, कानांमागे तेवढी झालर. "आणि मामांचं कसंय?" मामांचंही तसंच. टक्कल आईकडूनही येतं, बापाकडूनही. अंदाज बांधायला दोन्ही घरं बघावी लागतात.

चोविसाव्या वर्षी खाली ओढून घेतलेली दाट रेघ चाळिशीत कशी दिसेल? रेघेमागचे मूळ केस गळत जातात, पुढे लावलेले तसेच राहतात आणि कपाळावर केसांचं बेट तयार होतं. नानांसारखं टक्कल दोनशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर चाळीसच्या हिशोबाने आठ हजार ग्राफ्ट लागतील. मागच्या पट्ट्यातून जन्मभरात बहुतेकांना पाच-सहा हजार मिळाले तरी पुष्कळ. 'एका दिवसात पूर्वीसारखे केस' म्हणणारा हा हिशोब कधी मांडत नाही. 'डाग राहत नाही' हेही खोटं. ग्राफ्ट काढलेल्या जागी बारीक पांढरे ठिपके राहतात. केस वाढवले की झाकतात, मशीन फिरवली की दिसतात.

हे काम कुणी करावं, यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे त्यात लिहावं लागलं. म्हणजे काय चाललं होतं ते समजून घ्या.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर.)

राहिला प्रश्न तारखेचा. आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात, माणूस खूश होतो. मग दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. मूळ आत शाबूत असतं, पण आरशात ते दिसत नाही. डॉक्टरांचा फोन सगळ्यात जास्त वाजतो तो याच दिवसांत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडेतिकडे केस फुटतात. पुरतं रूप यायला वर्ष, कधी दीड वर्ष. ऊतीसंवर्धित केळीचा घडसुद्धा अकरा-बारा महिने घेतो, आणि त्याला कुणी घाई करत नाही.

त्यातही दाटपणा मूळच्या निम्म्याच्या आसपास. तेवढा डोळ्याला पुरतो. पण केस ओले झाले, वरून बल्बचा उजेड पडला, की टाळू दिसणारच. म्हणून हे डॉक्टर फोटो कायम एकाच जागी, एकाच उजेडात घेतात. आठव्या महिन्यात "काही फरक नाही" म्हणणारे लोक स्वतःचा पहिला फोटो ओळखत नाहीत.

आज डॉक्टर 'करू' म्हणत नाहीत. आधी वर्षभर औषधं, त्यांचे दुष्परिणाम नीट समजावून. गळती थांबते का ते बघायचं, मग रेघ ठरवायची. तीही चार बोटांवरच.

मुलगा रुमाल हातात चुरगाळत विचारतो, "मग लग्नात?"

नाना टोपी झटकून डोक्यावर ठेवतात. "लग्नात फेटा राहीन ना रे भो."