गोग्गोड की मिळमिळीत?

(दृश्य: क्योतो, म्युझियमसमोरची हिरवळ, लोळत वाचणारी माणसं)

हे क्योतोचं मांगा म्युझियम, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. 2006 मध्ये सुरू झालं, पण इमारत त्याच्या कितीतरी आधीची. तात्सुइके नावाची प्राथमिक शाळा होती इथे, म्हणून आत गेलात की लाकडी जमीन पायाखाली करकरते, आवाज आलाच असेल तुम्हाला. आत 3 लाखांच्या आसपास ऐवज आहे, त्यातली 50 हजारांच्या आसपास पुस्तकं उघड्या कपाटांत, जे हवं ते काढा आणि बाहेर गवतावर जाऊन वाचत पडा, कोणी उठवत नाही.

ती निळ्या स्वेटरवाली बघा. 20 मिनिटं आम्ही तिथे होतो, हिने मान वर केली नाही.

हातात काय आहे ते इतक्या लांबून दिसत नाही, पण कव्हर फिकट गुलाबी आहे, म्हंजे बहुतेक शोजो. शोजो म्हणजे मुलगी, मुलींसाठीच्या मासिकांत येतो तो मांगा. आणि शोजो रोमान्सचं नाव काढलं की आमच्या ग्रुपमधे एक वाद ठरलेला: हिरॉईन एवढी गोड का असते राव? सगळ्यांशी चांगली, डबा करून आणते, चूक दुसऱ्याची असली तरी सॉरी हीच म्हणणार, राग म्हणून येत नाही. गोड म्हणायचं की मिळमिळीत म्हणायचं?

मी गोड पार्टीतला आहे, आधीच सांगून टाकतो.

(दृश्य: टेबल, वरून कॅमेरा, हात आणि शाई)

अॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, क्लिप लावली की कॉपीराइट येतो, म्हणून आमच्या एका मैत्रिणीला बसवलं, ती इलस्ट्रेशन करते, नाव नको म्हणाली, फक्त हात दाखव म्हणाली. तर हा हात बघा. ती शोजो पद्धतीचा डोळा काढतेय. आधी पेन्सिल. मग वरची पापणी जी-पेनने, हे दाबावर चालतं, दाबलं की रेघ जाड, हलकं सोडलं की केसाएवढी. मग पापणीचा एकेक केस मारू-पेनने, त्याचं टोक सुईसारखं, कागदात रुततं, तिने दोन कागद फाडले, ते कापलं मी. मग बुबुळ. आणि आता हे जे चिकटवतेय ना, याला टोन म्हणतात, पारदर्शक चिकट कागद आणि त्यावर छापलेले बारीक ठिपके, ब्लेडने आकार कापायचा, घासून बसवायचा, जिथे उजेड हवा तिथे पात्याच्या टोकाने ठिपके खरवडायचे. हल्ली बहुतेक लोक हे कम्प्युटरवर करतात, दोन क्लिक, पण हा खरवडण्याचा आवाज कुठून आणणार. सगळ्यात शेवटी पांढऱ्या शाईचा ठिपका.

थांबा, हे परत दाखवतो. ठिपक्याच्या आधी... आणि नंतर. अजून हिला नाव नाही, गोष्ट नाही, आणि तुम्हाला ती आत्ताच निरागस वाटायला लागली की नाही?

हा डोळा एका दिवसात नाही आला. 1930 च्या दशकात जुनइची नाकाहारा नावाचा चित्रकार 'शोजो नो तोमो' या मुलींच्या मासिकात मोठ्या, ओलसर डोळ्यांच्या मुली काढायचा, वाचक मुली वेड्या व्हायच्या त्यापायी, आणि 1940 मध्ये लष्कराच्या दबावाने ती चित्रं बंद झाली, युद्धाच्या दिवसांत असल्या नाजूक मुली नकोत म्हणून. युद्धानंतर, 50 चं दशक संपता संपता, माकोतो ताकाहाशीने त्या डोळ्यांत चांदण्या भरल्या. पुढे सगळ्यांनीच. म्हणजे गोडपणा लिहायच्या आधी तो काढलेला असतो, लेखिकेला आयता मिळतो, आणि माझ्या मते घोळ इथेच होतो. आयता मिळाला की पुढे काही करावंसं वाटत नाही.

(दृश्य: शेल्फ, 30 खंड, कॅमेरा डावीकडून उजवीकडे)

आता हे 30 खंड. कारुहो शिइनाची 'किमी नी तोदोके', बेस्सात्सु मार्गारेट या मासिकात 2006 ते 2017. हिरॉईन सावाको कुरोनुमा. लांब काळे सरळ केस, फिकट चेहरा, वर्गातली पोरं तिला सादाको म्हणतात, 'रिंग' सिनेमातली ती विहिरीतली भुताची पोरगी, तीच. तीन सेकंद हिच्या डोळ्यांत बघितलं की काहीतरी वाईट होतं अशी अफवा. आणि ही बिचारी रोज एक तरी चांगलं काम करायचं असा नियम पाळणारी मुलगी. हसायला जाते तर समोरचा घाबरून मागे सरकतो.

शिइनाने काय केलंय ते आमच्या मैत्रिणीने एका रेघेत दाखवलं, हे बघा. डावीकडे सावाको. उजवीकडे कुरुमी, म्हणजे तिची प्रतिस्पर्धी. फिकट, हलके कुरळे केस, बाहुलीसारखे डोळे, सगळ्या वर्गाची लाडकी. अहो हाच तर तो मघाचा डोळा! हिरॉईनचा आयता चेहरा उचलून शिइनाने दिला कुरुमीला, जी वरून गोड आहे आणि आतून डाव टाकतेय, आणि भुताचा चेहरा दिला त्या पोरीला जी खरंच गोड आहे.

मग गोडवा जातो कुठे? तो संवादाच्या फुग्याबाहेर जातो. शोजोमधे मनातलं बोलणं फुग्यात नसतं, पानावर मोकळं तरंगत असतं, इथे, इथे, आणि हे फुलांच्या मधोमध. ते फक्त तुम्ही वाचता. वर्गातल्या कोणाला ऐकू येत नाही. 'किमी नी तोदोके'चा अर्थच मुळी 'तुझ्यापर्यंत पोचू दे' असा काहीतरी होतो. तिचा गोडवा पोचत नाही, आणि न पोचणारी गोष्ट आपण 30 खंड वाचतो, पोचेल का पोचेल का करत. पहिल्या पानावर पोचला असता तर मीही मिळमिळीतच म्हणालो असतो.

शिवाय तिला राग येतो हो. मुलींच्या टॉयलेटमधे काही पोरी तिच्या मैत्रिणींबद्दल, योशिदा आणि यानोबद्दल, वाट्टेल ते बोलत असतात, तर ही थेट समोर उभी राहून ते शब्द मागे घ्यायला सांगते. आणि कुरुमी जेव्हा लाडात येऊन म्हणते की काझेहायाच्या (हा दोघींना आवडणारा पोरगा) बाबतीत मला मदत कर ना, तेव्हा ही, जी कोणालाही कधी नाही म्हणत नाही, म्हणते की नाही जमणार.

(दृश्य: आमच्या घरातली 'फ्रूट्स बास्केट'ची थप्पी)

तोरू होंडाला तर लोक हमखास नावं ठेवतात. नात्सुकी ताकायाची ही मालिका, 1998 ते 2006, 23 खंड. आई अपघातात गेलेली, ही तंबूत राहते, तरी हसरी, आणि वर्गातल्या पोरांशीसुद्धा अहो-जाहोच्या थाटात बोलते. किती तो गुळमटपणा! पण ते बोलणं तिचं नाहीच, तिच्या वडिलांचं आहे. वडील गेल्यावर आई कोसळली, आणि लहान तोरूने ठरवलं की आपण बाबांसारखं बोलायचं, म्हणजे आई आपल्याला सोडून जाणार नाही. हे कळतं फार उशिरा. 2001 चं अॅनिमे 26 भागांत संपलं तेव्हा मांगा चालूच होता, त्यामुळे तेवढंच बघून तिला मिळमिळीत म्हणणाऱ्यांना मी माफ करतो. 2019 ते 2021 मधे पूर्ण गोष्ट नव्याने आली, तिथे बघा.

उलटी बाजू पण आहे, तरुण पोरांसाठीच्या मासिकांत. 'आ! माय गॉडेस'मधली बेलडँडी, 1988 ते 2014, 48 खंड. चुकीचा फोन लागतो, देवी प्रकटते, पोरगा म्हणतो तुझ्यासारखी देवी कायम माझ्यापाशी राहू दे, की झालं. हिचा गोडवा पहिल्याच फोनला पोचला. मी दहाव्या खंडाच्या आसपास सोडली, पण 26 वर्षं लोकांनी वाचली, म्हणजे माझं काही अगदी ब्रह्मवाक्य नाही.

आणि हो, सगळं गिळून हसत राहणारी पोरगी बघून वाचणाऱ्या शाळकरी मुली काय शिकतात हा प्रश्न आहेच, सोशिक सुनांच्या मालिका बघत वाढलेल्यांना तो समजावून सांगायला नको.

(दृश्य: परत शेल्फ, 30 खंडांशेजारी 3)

हे शेजारचे तीन बारके दिसतायत ना, ते कुरुमीचे. मुख्य मालिका संपल्यावर शिइनाने 2018 मधे तिची वेगळी गोष्ट सुरू केली, ती 2022 पर्यंत चालली. डाव टाकणारी, हरलेली, जिला स्वतःचं खरं नाव, उमे, अजिबात आवडत नाही ती.

(दृश्य: टेबल)

शूटिंगच्या शेवटी मैत्रिणीला म्हटलं, आता कुरुमीचा डोळा परत काढ, या तीन खंडांतला. पापणी झाली, बुबुळ झालं, टोन बसला, खरवडून झाला. पांढऱ्या शाईची बाटली उघडली तिने, ब्रश बुडवला.

इथे मी गप्प बसतो, तुम्ही हात बघा.