गुडघा आधी सरळ होतो का?

(ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मांडी घालता येते का, खाली बसून उठता येतं का, यावरून आपण गुडघ्याला पास-नापास करतो. मला आधी दुसरंच विचारायचं असतं: तो पूर्ण सरळ होतो का?

आत्ताच बघा. गुडघे सरळ, मांड्या सैल ठेवून उभे राहा आणि शेजारच्याला तुमच्या गुडघ्याची वाटी दोन बोटांनी बाजूला सरकवायला सांगा. सरकते ना? आता गुडघा जरासा वाकवा. वाटी घट्ट. सरळ गुडघ्यात शरीराच्या वजनाची रेषा सांध्याच्या किंचित पुढून जाते. मग सांध्याचं मागचं आवरण आणि लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे) भार तोलून धरतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला जवळपास सुट्टी मिळते. जरा वाकलात की ती सुट्टी संपली.

हा सांधा साधी बिजागरी नाही. खुर्चीत बसा, पाय अधांतरी ठेवा. वाटीच्या खाली दोन-तीन बोटांवर नडगीचा उंचवटा लागतो, त्यावर बोट ठेवून पाय हळूहळू सरळ करा. शेवटच्या साधारण 20 अंशांत तो उंचवटा थोडा बाहेरच्या बाजूला वळतो. मांडीच्या हाडाचा आतला गोलवा बाहेरच्यापेक्षा लांब असतो, म्हणून नडगीला हा पीळ घ्यावाच लागतो. त्यानंतर सांधा घट्ट बसतो. परत वाकताना गुडघ्यामागचा एक छोटासा स्नायू, पॉप्लिटियस, हा पीळ सोडवतो.

हे शेवटचे अंश जातात कसे? गुडघा सुजला की आत पाणी साठतं. (‘वंगण संपलं’ म्हणून येणाऱ्या कित्येकांच्या गुडघ्यात ते उलट वाढलेलं असतं.) अर्धवट वाकलेल्या स्थितीत सांध्याच्या पिशवीवर दाब सर्वांत कमी पडतो, म्हणून तसं बरं वाटतं. घरातलं कोणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतं. तीच उशी नडते. आठवड्यांमागून आठवडे तसंच झोपलं की मांडीमागचे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण आखडतं. शिवाय सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, तो बारीक होत जातो. मग पाय आखूड पडतो, चाल लंगडी होते, तलावपाळीची, म्हणजे इथल्या तळ्याकाठची, एक फेरीसुद्धा मांडी भरून आणते आणि वाटीवरचा दाब क्षणभरही उतरत नाही.

तपासायचं असेल तर पलंगावर पालथे झोपा. मांड्या पलंगावर, वाट्या कडेच्या जरा बाहेर, पाय सैल लोंबते. एक टाच वर राहते का? दोन टाचांत सेंटीमीटरचा फरक म्हणजे सुमारे 1 अंशाची तूट.

उपाय साधा आहे, पण रोज करायचा. उताणे झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको. 5 ते 10 मिनिटं गुडघा आपल्याच वजनाने खाली येऊ द्या. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबा, 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून दोन-तीनदा. श्वास रोखायचा नाही. मागे ओढ बसली तर चालेल. तीव्र कळ आली तर थांबा. वरून वजन ठेवून दाबण्याचे प्रयोग नकोत.

गुडघा एकाएकी अडकला आणि सरळच होईना, तर व्यायाम करू नका. सांध्यातल्या दोन हाडांमधली गादी फाटून मध्ये अडकलेली असू शकते. गरम, लाल गुडघा आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहिला स्टेशनचा पूल. जिन्यावर वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो, उतरताना तो जास्त जाणवतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि हात कठड्यावर. लोकल सुटली तर पुढची येतेच.