‘जरा बघून सांगतो’

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘कॉर्पोरेट ग्राहकाकडून वेबसाइटचं काम मिळवताना: कोटेशन ते करार’. समोर बसलेल्या वेबसाइट करणाऱ्यांपैकी निम्मे तरी नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत चकरा मारून आलेले दिसतायत. म्हणजे ‘जरा बघून सांगतो’चा अर्थ मी सांगायला नको. त्यात बघणंही नसतं आणि सांगणंही नसतं.

असं म्हणणाऱ्या कंपनीच्या माणसाला डिझाइन ठरवता येत नाही, असं आपण म्हणतो. हे निदानच चुकलंय. त्याला ‘हो’ म्हणायचा अधिकार नसतो. मार्केटिंगला साइट हवी, एचआरला तिच्यावर नोकरीचे अर्ज हवेत, आयटीला सर्व्हरला कुणी हात लावायला नको, परचेसला तीन कोटेशनं हवीत आणि सही डायरेक्टरची. मीटिंगला बाकीचे सगळे येतात, सही करणारा सोडून.

म्हणून पहिल्या भेटीत रंग-फॉन्ट काढूच नका. विचारा: सही कुणाची? पैसे कुठल्या खात्याच्या बजेटमधून? साइट कुठल्या तारखेला लागतेय, प्रदर्शन आहे की नवा प्लांट? आणि सध्याचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? या शेवटच्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात. बऱ्याचदा ते जुन्या कंत्राटदाराच्या नावावर असतं, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी ईमेलवर, आणि पासवर्ड बदलायची लिंकही तिकडेच जाते.

आता माझं आवडतं दुखणं. ‘दोन-तीन होमपेज करून दाखवा, मग ठरवू.’ फुकट, अर्थात! सातपूरच्या कुठल्याही वर्कशॉपात जाऊन म्हणा बरं, तीन फिक्स्चर बनवून ठेवा, आवडेल ते नेतो. नुसतं म्हणून बघा. पैशाचं दुःख एकवेळ गिळता येईल, पण नमुन्यांनी निर्णय आणखी लांबतो. तीन नमुने आणि पाच माणसं म्हणजे पंधरा मतं. मग पहिल्याचा हेडर, दुसऱ्याचा रंग, तिसऱ्याचा स्लायडर असं कडबोळं होतं. त्यात साहेबांची कन्या पुण्याला डिझाइन शिकत असते, तिचं सोळावं. (हसताय, म्हणजे भेटलेली आहे.) शिवाय नमुना खोटा असतो. विकतचे गुळगुळीत फोटो आणि दोन शब्दांचे मथळे. प्रत्यक्षात येतात शॉप फ्लोअरवर मोबाइलने काढलेले फोटो आणि चाळीस अक्षरांची उत्पादनांची नावं. चौकटी फुटतात आणि ग्राहक म्हणतो, दाखवलं होतं तसं नाही झालं. खरंच नसतं झालेलं.

त्याऐवजी छोटं, पैसे घेऊन करायचं काम विका. दहा कामकाजी दिवसांचा अभ्यास. पाच जणांशी अर्धा-अर्धा तास बोलायचं, जुन्या साइटवर लोक काय शोधत येतात ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहायचं. शेवटी हातात द्यायची पानांची यादी, कुठल्या पानाचा मजकूर कोण लिहिणार त्याचं नाव, आणि एका अवघड पानाचा कच्चा आराखडा. होमपेजचा नाही, उत्पादनाच्या पानाचा, त्यांच्याच खऱ्या मजकुरासह. पुढचं काम मिळालं तर ही फी त्यात वळती करायची. यातली गोम अशी, की एवढी रक्कम बहुतेक ठिकाणी खातेप्रमुखाच्या मंजुरीत बसते, डायरेक्टरपर्यंत जावं लागत नाही. त्या निमित्तानं पॅन, जीएसटी, उद्यम प्रमाणपत्र (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं), रद्द केलेला चेक देऊन तुमचा व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला क्रमांक, उघडतो. मोठं काम निघेल तेव्हा परचेसच्या दृष्टीनं तुम्ही नवे नसता.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. म्हणजे जाहीर झालेला विषय आता धावत.

कोटेशन दोन पानांचं, ते ग्राह्य राहण्याची मुदत तीस दिवस, अठरा टक्के जीएसटी वेगळा. परचेसवाला दहा टक्के कमी करा म्हणणारच. दर सोडू नका, पानं कमी करा. हप्ते ४०-३०-२०-१०: ऑर्डरवर, डिझाइन मंजुरीवर, चाचणीची लिंक दिल्यावर, साइट चालू झाल्यावर. मजकूर येण्याशी हप्ता कधीच बांधू नका, ‘आमच्याविषयी’ हे पान सहा महिने येत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, प्रत्येक फेरीच्या सूचना एकाच माणसाकडून, एकाच ईमेलमध्ये. पाच कामकाजी दिवसांत उत्तर नाही तर तो टप्पा मंजूर, हे वाक्य करारात हवंच. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय काम सुरू नाही. फोनवरचं ‘चालू करा’ धरायचं नाही.

वसुली. उद्यम नोंदणी कामाच्या आधीच करा. २००६च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ही मुदत ओलांडून पुढच्या आर्थिक वर्षात गेले, तर कंपनीला तो खर्च आदल्या वर्षी प्राप्तिकरात वजा करता येत नाही. मार्चमध्ये अकाउंट्सला याची नम्रपणे आठवण करून द्या.

शेवटचं, हक्क. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळं लिहून दिलेलं नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. कंपनीला तो हवा असतो. द्या, पण शेवटचा हप्ता जमा झाल्यावर आणि लेखी. त्यात हक्क किती काळासाठी दिला ती मुदत लिहायला विसरू नका, नाहीतर कायदा ती पाच वर्षं धरतो. दुसरी चिठ्ठीही आली. प्रश्न खाली चहाच्या वेळी.