जिभेवर विरघळणारी गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

दोन चमच्यांत गोळी चुरडायची, मधात कालवायची आणि रडणाऱ्या लेकराच्या तोंडात घालायची. अर्धी पोटात, अर्धी झबल्यावर. अर्धांगवायू झालेल्या आजोबांनाही घोट गिळताना ठसका लागतो. औषध कितीही गुणकारी असो, गिळलंच गेलं नाही तर काय उपयोग? मला ही अडचण फार मोठी वाटते.

तिच्यावरचा एक सुंदर उपाय इंग्लंडमध्ये निघाला. जॉन वायथ अँड ब्रदर या कंपनीला त्याचं अमेरिकी पेटंट, म्हणजे ठरावीक काळ तो शोध फक्त आपणच वापरण्याचा हक्क, 1981 साली मिळालं. पुढे तीच पद्धत 'झायडिस' नावाने प्रसिद्ध झाली. जिलेटिन हा चिकट पदार्थ आणि मॅनिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ घातलेल्या पाण्यात औषध मिसळायचं, ते पाकिटाच्या खळग्यांतच थेंबथेंब भरायचं आणि गोठवायचं. मग निर्वात पोकळीत ठेवलं की बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो. मागे उरते नुसती जाळी, बत्ताशाहून हलकी. जिभेवर ठेवली की लाळ त्या भोकांत शिरते आणि काही सेकंदांत गोळी दिसेनाशी होते. पाणी लागत नाही. अमेरिकेतल्या फ्युझ टेक्नॉलॉजीज कंपनीने तर जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे तंतू काढून त्यांपासून गोळ्या बनवल्या!

पण गोळी तोंडात विरघळली की कडूपणाही जिभेवर येणार. कडू चव लागायला औषध लाळेत विरघळावं लागतं, म्हणून औषधाच्या कणांवर असं आवरण चढवतात, जे लाळेत टिकतं आणि जठरातल्या आम्लात सुटतं. गोडी आणि संत्र्याचा वास त्यानंतरचा.

पेटंट मिळवायचं तर कृती उघड लिहून द्यावी लागते. आपल्याकडे अर्जापासून 20 वर्षांनी मुदत संपते, मग ती कृती कुणालाही वापरता येते. मला ही देवाणघेवाण मोलाची वाटते.

आता एक कळकळीची विनंती. प्रत्येक गोळी चुरडू नका; काही गोळ्या पोटात सावकाश सुटण्यासाठीच बनवलेल्या असतात, आधी औषधविक्रेत्याला विचारा. आणि ही जाळीदार गोळी पाकिटातून अंगठ्याने दाबून काढू नका, भुगा होतो. हात कोरडे करा, मागचा कागद हलकेच सोला आणि गोळी लगेच जिभेवर ठेवा.