फ्रीडम: कागदावरच राहिलेलं अंतराळ स्थानक

ज्या स्थानकाबद्दल आज बोलायचं आहे, ते कधी उडालंच नाही. २५ जानेवारी १९८४ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोरच्या वार्षिक भाषणात नासाला सांगितलं, की माणसांचा कायम मुक्काम असलेलं अंतराळ स्थानक दहा वर्षांच्या आत उभं करा. नासाने खर्चाचा अंदाज दिला होता ८ अब्ज डॉलरचा. १९९३ पर्यंत १० अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला होता आणि कक्षेत एक बोल्टसुद्धा पोचला नव्हता.

सरकारी खातं, दुसरं काय होणार, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण या नऊ वर्षांतला एकेक बदल उलगडून पाहिला, तर बहुतेकांची कारणं रास्त निघतात. घोळ होता तो क्रमात. स्पेस शटल, म्हणजे माणसं आणि माल नेणारं नासाचं यान, एका फेरीत किती वजन नेणार, माणूस बाहेर किती तास काम करू शकणार आणि दरवर्षी हातात पैसे किती पडणार, हे तीन आकडे हाती धरून आराखडा काढायला हवा होता. इथे आराखडा आधी निघाला आणि हे आकडे एकामागून एक मागाहून येऊन आदळले.

पहिल्या आराखड्याचं नाव पॉवर टॉवर. सुमारे १२० मीटरचा एक उभा ट्रस, म्हणजे नळ्यांचा सांगाडा. त्याच्या पृथ्वीकडच्या टोकाला माणसांची मॉड्यूल्स, म्हणजे राहण्या-कामाचे बंद कक्ष, आणि वरच्या बाजूला आडव्या दांड्यावर सौर पॅनेल. कल्पना हुशारीची होती. कक्षेतली लांबट वस्तू उभी धरली की गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे ती तशीच उभी राहू पाहते. दिशा सांभाळायला इंधन कमी लागतं.

अडचण अशी, की जो फरक स्थानकाला उभं धरतो तोच आतल्या प्रयोगांना छळतो. हिशेब सोपा आहे. ४०० किलोमीटर उंचीवर, स्थानकाच्या गुरुत्वमध्यापासून खाली किंवा वर गेलं, की दर मीटरमागे सुमारे ०.०००००३८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण वाढतं. म्हणजे अडीच मीटरवर पृथ्वीवरच्या गुरुत्वाचा दहा लाखावा भाग होतो, आणि ५० मीटरवर त्याच्या वीसपट. स्फटिक वाढवणाऱ्यांना, मिश्रधातूंवर काम करणाऱ्यांना जो दहा लाखावा भाग हवा होता, तो टॉवरच्या तळाशी मिळणं शक्यच नव्हतं. ज्यांच्यासाठी प्रयोगशाळा बांधायची, त्यांनीच नापसंती दाखवली.

म्हणून १९८५ मध्ये ड्युअल कील आला. दोन उभे कणे, वर-खाली जोडून झालेली मोठी चौकट, मधून जाणारा आडवा ट्रस, त्याच्या टोकांना वीजनिर्मिती आणि मॉड्यूल्स बरोबर मधोमध, गुरुत्वमध्याजवळ. वरच्या दांड्यावर दुर्बिणी, खालच्यावर पृथ्वीकडे पाहणारी उपकरणं. उपग्रह दुरुस्तीसाठी वेगळी जागा. वीज ७५ किलोवॉट. त्यातली २५ सौर पॅनेलची आणि ५० आरशांनी ऊन एकवटून, वायू तापवून, टर्बाइन फिरवून काढलेली. चित्र म्हणून मला हाच आराखडा सगळ्यांत देखणा वाटतो. ज्याला जे हवं ते सगळं त्यात होतं, आणि गडबडही तीच होती.

हा सांगाडा अंतराळवीर हाताने जोडणार होते; पाच-पाच मीटरचा एकेक खण, नळी आणि सांधा, नळी आणि सांधा. नोव्हेंबर १९८५ मध्ये अटलांटिस शटलच्या मालकक्षात याची चाचणी झाली. जेरी रॉस आणि शेरवुड स्प्रिंग यांनी ९३ नळ्या आणि ३३ सांधे वापरून ४५ फुटांचा, म्हणजे सुमारे १४ मीटरचा मनोरा उभा केला. काम झटपट झालं आणि सगळे खूश झाले. पण त्या मनोऱ्यात वायर नव्हती, शीतकाची नळी नव्हती, एक कनेक्टर नव्हता. नळ्या जोडणं हे स्थानक बांधण्यातलं सोपं काम. खरा वेळ जातो तो केबल ओढण्यात, पाइप जोडून गळती तपासण्यात आणि प्रत्येक पेटी चालू होते का ते पाहण्यात.

या चाचणीनंतर दोन महिन्यांतच, २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटल कोसळलं. शटलच्या वर्षाला होणाऱ्या फेऱ्यांचे जुने आकडे कुणी गंभीरपणे घेईना. स्पेसवॉकवर, म्हणजे यानाबाहेर पडून करायच्या कामावर, इतकं अवलंबून राहावं का, हा प्रश्न नासाच्या आतूनच उठला. १९८७ मध्ये काम दोन टप्प्यांत विभागलं गेलं: आधी फक्त आडवा ट्रस, मॉड्यूल्स आणि सौर पॅनेल, उभे कणे आणि टर्बाइन दुसऱ्या टप्प्यात. तो दुसरा टप्पा कधी आला नाही. जुलै १९८८ मध्ये ‘फ्रीडम’ हे नाव मिळालं आणि सप्टेंबरात युरोप, जपान व कॅनडा यांच्याशी करार झाला. पुढच्या प्रत्येक कपातीचा फटका आता परदेशातल्या प्रयोगशाळांनाही बसणार होता.

जोडणीचा क्रम ही एक निराळीच डोकेदुखी. घर अर्धवट बांधून सोडलं तरी जागचं हलत नाही. अर्धवट स्थानक मात्र प्रत्येक फेरीनंतर स्वतंत्र उपग्रह म्हणून जगायला हवं. पहिल्याच फेरीत वीज, दिशानियंत्रण, संपर्क आणि कक्षा उचलायला थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, गेली नाहीत, तर पुढची फेरी येईपर्यंत विरळ हवेच्या घर्षणाने ते खाली येतं. शिवाय दर फेरीला गुरुत्वमध्य सरकतो. म्हणजे एक नव्हे, फेऱ्यांइतक्या स्थानकांचं डिझाइन करावं लागतं. मधली एखादी फेरी गाळली, की पुढची सगळी गणितं नव्याने.

१९८९ मध्ये पैशाची कात्री लागली. सुरुवातीची वीज ७५ वरून ३७.५ किलोवॉटवर आणि माणसं आठवरून चारवर आली. स्थानकाची वीज २० किलोहर्ट्झ एसी असणार होती, कारण इतक्या वारंवारितेला ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके होतात. पण त्या वारंवारितेवर चालणारी तयार उपकरणं कुणाकडेच नव्हती. प्रत्येक प्रयोगकर्त्याला नवा परिवर्तक बनवावा लागला असता. ती सोडून डीसी घेतली, आणि हा बदल शहाणपणाचा होता. पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारे थ्रस्टर गेले, हायड्राझिन या इंधनाचे आले. हायड्राझिन विषारी, आणि प्रत्येक थेंब पृथ्वीवरून न्यायचा. आज पैसे वाचले, पुढच्या दरवर्षीच्या फेऱ्यांवर ओझं चढलं.

सगळ्यांत महागात पडली ती स्पेससूटची बचत. शटलच्या सूटमधला दाब ४.३ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाहून कमी. केबिनमधल्या १४.७ पीएसआयमधून थेट त्यात शिरलं तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ते टाळायला आधी सुमारे चार तास शुद्ध ऑक्सिजन घेत बसावं लागतं. स्थानकासाठी ८.३ पीएसआयचा नवा सूट तयार होत होता. तो घालून जवळजवळ लगेच बाहेर पडता आलं असतं. तोच बाजूला ठेवला गेला. सहा तासांच्या कामासाठी अख्खा दिवस खर्ची पडणार, हे तेव्हाच ठरलं.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अंतराळवीर आणि डॉक्टर असलेले विल्यम फिशर आणि रोबोटिक्सचे अभियंते चार्ल्स प्राइस यांच्या गटाने देखभालीचा हिशेब मांडला. बाहेर बसवलेले, बदलता येण्याजोगे भाग आठ हजारांच्या आसपास. त्यांच्यासाठी वर्षाला ३,००० मनुष्य-तासांहून जास्त स्पेसवॉक. दोघांची सहा तासांची एक खेप धरली तर आठवड्याला पाच खेपा, वर्षभर, कधी न थांबता. नासाच्या आधीच्या अंदाजात याच्या जवळपासही काही नव्हतं. भाग वाईट होते म्हणून हा आकडा आला असं समजू नका. समजा प्रत्येक भाग सरासरी दहा वर्षं टिकतो. आठ हजार भाग असतील तर वर्षाला आठशे बिघडणार, दिवसाला दोनाहून जास्त. उपाय सुचवले गेले: शक्य तितक्या पेट्या आत घ्या, बाहेरच्यांचे आकार आणि बोल्ट एकसारखे ठेवा, बदलाबदल रोबोट हाताकडून करून घ्या. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कॅनडाचा डेक्स्टर हा दोन हातांचा रोबोट हेच काम करतो.

त्याच सुमारास स्थानक ठरलेल्या वजनाच्या जवळजवळ चौथाई जास्त भरलं आणि विजेत तूट निघाली. काँग्रेसने फेरआखणी मागितली. मार्च १९९१ चा आराखडा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. हाताने ट्रस जोडायची कल्पना सोडून दिली गेली. ट्रसचे तुकडे जमिनीवरच बनवायचे, त्यात केबल, पाइप, पेट्या बसवून चाचणी घ्यायची आणि वर फक्त तुकड्याला तुकडा जोडायचा. शटलचा मालकक्ष ४.६ मीटर रुंद आणि १८.३ मीटर लांब. तुकड्याचं माप त्यावरून ठरलं. मॉड्यूल्स १३.४ मीटरवरून ८.२ मीटरवर आणली. लांब मॉड्यूल सगळ्या सामानासकट शटलला उचलणारं नव्हतं. ते रिकामं न्यायचं आणि आतली कपाटं वर जाऊन भरायची, असा बेत होता. छोटं मॉड्यूल जमिनीवर पूर्ण भरून, तपासून नेता येत होतं.

कामाची वाटणीही नडली. मॉड्यूल्स नासाच्या मार्शल केंद्राकडे, ट्रस जॉन्सनकडे, वीज लुईसकडे, उपकरणांचे फलाट आणि दुरुस्तीची साधनं गोडार्डकडे, आणि समन्वयाचं कार्यालय व्हर्जिनियातल्या रेस्टनला. प्रत्येक केंद्राचा वेगळा मुख्य कंत्राटदार. दोन केंद्रांच्या सीमेवरच्या कनेक्टरचा वाद मिटवायला पत्रव्यवहार करत बसावं लागे.

१९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आणखी स्वस्त पर्याय मागितले. तीन आले, त्यांतला सर्वांत मॉड्यूलर, ए नावाचा, साधा करून निवडला गेला. २३ जून १९९३ रोजी प्रतिनिधीगृहात स्थानक रद्द करण्याचा प्रस्ताव २१६ विरुद्ध २१५ मतांनी पडला. एका मताने वाचलं. सप्टेंबरात रशियाशी बोलणी झाली, फ्रीडमच्या जागी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आलं आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल २८.५ अंशांवरून ५१.६ अंशांवर गेला, कारण कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून निघणाऱ्या रशियन रॉकेटांना तोच सोयीचा. फ्लोरिडातून उडणाऱ्या शटलला मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा कमी मिळू लागला आणि माल बराच घटला. तो भरून काढायला शटलची बाहेरची इंधनटाकी अॅल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूची करून सुमारे ३,४०० किलो वाचवावे लागले.

फ्रीडमचे बरेच भाग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा हिस्सा होऊन आज आपल्या डोक्यावरून फिरतात: सौर पंख, आडवा ट्रस, साडेआठ मीटरची डेस्टिनी प्रयोगशाळा, युरोपची कोलंबस, जपानची किबो. डिसेंबर २००० मध्ये बसवलेले पहिले मोठे सौर पंख मूळचे फ्रीडमसाठीच आखलेले होते.

भारतीय अंतरिक्ष स्थानकाचे आकडेही आता बदलू लागले आहेत. २०१९ मध्ये बोललं जात होतं ते सुमारे २० टनांच्या स्थानकाबद्दल. आता २०३५ पर्यंत पाच मॉड्यूल्स, एकूण सुमारे ५२ टन, आणि पहिलं, साधारण दहा टनांचं मॉड्यूल २०२८ मध्ये, असं नियोजन आहे. इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट आज खालच्या कक्षेत सुमारे आठ टन नेतं. मधल्या दोन टनांची तूट केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या सेमी-क्रायोजेनिक इंजिनाच्या टप्प्याने भरून काढायची आहे. ते इंजिन लांबलं तर मॉड्यूल हलकं पाठवून सामान मागाहून चढवावं लागेल, नाही तर मॉड्यूलच छोटं करावं लागेल. फ्रीडमवाल्यांनी १९९१ मध्ये दुसरा मार्ग घेतला होता.