गहू स्वतःचं खत स्वतः का बनवत नाही?

(दृश्य: मातीसकट उपटलेलं वाटाण्याचं रोप. मुळांवर बारीक गाठी. एक गाठ नखाने फोडली जाते.)

आतून गुलाबी. हिरव्या रोपाच्या मुळाशी हा रंग कुठून आला? याचं नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे नातलग, आणि कामही तेच, ऑक्सिजन धरून ठेवायचं. गाठ आतून पांढरट निघाली तर समजावं, इथे काही चाललेलं नाही. हिरवट निघाली तर काम उरकलंय.

काम नायट्रोजनचं, म्हणजेच खताचं. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की कुठलंही झाड त्यांना हात लावू शकत नाही. गाठीतला रायझोबियम जिवाणू लावतो. त्याचं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मातीच्या साध्या तापमानाला नायट्रोजनचा अमोनिया करतं, आणि तो झाडाला वापरता येतो.

(दृश्य: कारखान्याच्या उंच नळकांड्या.)

माणसाने हे जमवलं ते फ्रिट्झ हेबर आणि कार्ल बॉश यांच्यामुळे. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आजही या पद्धतीला ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. अर्थात जिवाणूही फुकट राबत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि त्यासाठी लागणारी साखर झाड पुरवतं.

(दृश्य: फळ्यावर नायट्रोजन चक्र.)

पुढचं सगळ्यांनी वहीत काढलेलं असतं: नायट्रीभवन, विनायट्रीभवन, गोल फिरणारे बाण. मग काही धडे सोडून जैवतंत्रज्ञान येतं. प्लास्मिड, डीएनए कापणारी विकरं, जोडणारं लायगेज. या दोन धड्यांची एकमेकांशी ओळख कुणी करून देत नाही, ही खरी गंमत. कारण ती करून दिली, की वर्गातलं कुणीतरी विचारणारच: मग जिवाणूचं नायट्रोजन बांधणारं जनुक गव्हात का नाही घालत?

प्रश्न अगदी रास्त आहे. १९७२ मध्ये रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी क्लेबसिएला या जिवाणूतली नायट्रोजन स्थिरीकरणाची जनुकं ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत नेली, आणि ई. कोलाय नायट्रोजन बांधू लागला. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून मान्य झालं. १९८३ पर्यंत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या मदतीने वनस्पतीत परकं जनुक बसवता येऊ लागलं. मग गव्हाचं घोडं अडलं कुठे?

(दृश्य: गव्हाच्या पानाची पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली.)

एक तर इन्सुलिन हे एक छोटं प्रथिन. इथे क्लेबसिएलात वीसच्या आसपास जनुकांचा ताफा आहे. काही विकराचे भाग बनवतात, तर काही त्यातला लोह आणि मॉलिब्डेनमचा गाभा जुळवतात. एखादं कमी पडलं तरी सगळं ठप्प होऊ शकतं. पण खरी मेख दुसरीच आहे. ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं बिघडतं, आणि हिरवी पेशी तर दिवसभर ऑक्सिजनच तयार करते! गाठीतला तो गुलाबी रंग याचसाठी होता. श्वसनापुरता ऑक्सिजन जिवाणूला पोचवायचा, पण मोकळा फिरू द्यायचा नाही.

म्हणून आता संशोधकांचा डोळा पेशीतल्या तंतुकणिकेवर (मायटोकॉन्ड्रियावर) आहे. ती ऑक्सिजन सतत वापरून टाकते आणि ऊर्जाही तिथेच तयार होते. यीस्टच्या तंतुकणिकेत या विकराचा एक घटक चालू स्थितीत बनवता आला, तोही हवा असताना. हे २०१६ मध्ये जाहीर झालं. अर्धं विकर म्हणा हवं तर. पण तेवढ्याने अमोनिया होत नाही.

(दृश्य: समुद्रातलं एकपेशीय शैवाल.)

आणि मग २०२४. केंद्रक असलेल्या पेशीला नायट्रोजन बांधता येत नाही, असं पुस्तकं ठामपणे सांगत आली. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवाय या सागरी शैवालाने त्याला अपवाद दाखवला. त्याच्या पेशीत एक जिवाणू कधीकाळी पाहुणा म्हणून आला आणि आता पेशीचं अंगकच, म्हणजे तिचा अवयवच, होऊन बसलाय. पेशीबरोबर विभागतो, लागणारी कितीतरी प्रथिनं तिच्याकडूनच घेतो. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात.

निसर्गाला हे साधायला कोट्यवधी वर्षं लागली. प्रयोगशाळेत आता दोन्ही वाटांनी काम चाललंय: जनुकं एकेक करून तंतुकणिकेत बसवायची, किंवा हे शैवाल आपल्या पाहुण्याला प्रथिनं नेमकी कशी पोचवतं ते उकलायचं.