लांडगे परतले, शिकाऱ्याचं गाऱ्हाणं उरलं

मित्रहो,

अमेरिकेच्या वायव्येला, रॉकी पर्वताच्या रांगांत, मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग ही तीन राज्यं आहेत. तिथे शिकार हा चार धनिकांचा शौक नाही. शाळेतले मास्तर, सुतार, लाकडाच्या गिरणीतले कामगार, दवाखान्यातल्या नर्सबाई, असे सगळे ऑक्टोबर सरत आला की परवाना खिशात घालून डोंगर चढतात. एक एल्क मिळालं की घरातला फ्रीजर भरतो आणि बरेच महिने मांस विकत आणावं लागत नाही. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड असं हरीण. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. तो ग्रह घटकाभर बाजूला ठेवा, म्हणजे या माणसांचं लांडग्याबद्दलचं गाऱ्हाणं नीट ऐकता येईल. ते ऐकलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यातलं काय खरं, काय चुकीचं, हेही आज सांगणार आहे.

आधी पैशाचा हिशेब पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडची एल्कं एका लाखाच्या खाली आली होती. मांसाच्या आणि कातड्याच्या बाजारानं त्यांची बेसुमार कत्तल झाली होती. मग यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उरलेल्या कळपांतली जनावरं रेल्वेच्या डब्यांत घालून ठिकठिकाणच्या जंगलांत नेऊन सोडली. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर, आणि तो पैसा थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना. शिकारीच्या परवान्याची फी वेगळी. प्राण्यांची गणना, कुरणांची खरेदी, वनरक्षकांचे पगार यांचा मोठा भाग आजही या दोन झऱ्यांतून येतो. त्यामुळे तिथला शिकारी जेव्हा म्हणतो, 'हे कळप आमच्या पैशानं उभे राहिलेत,' तेव्हा तो बढाई मारत नसतो. ती नोंदलेली गोष्ट आहे.

आता लांडगा. यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे 1926 मध्ये सरकारी माणसांनीच मारले. पुढे 1973 चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला आणि सरकारनं पवित्रा बदलला. 1995 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टातून 14 लांडगे यलोस्टोनमध्ये आणले, 1996 मध्ये ब्रिटिश कोलंबियातून आणखी 17. मध्य आयडाहोत याच दोन वर्षांत 35 सोडले. पुष्कळ शिकारी अजूनही म्हणतात की हे 'आमचे' लांडगे नव्हेत, हा कॅनडाचा मोठ्या अंगाचा वाण आहे. हे काही खरं नाही. सरकारनं एकही पिंजरा उघडण्याच्या आधी, 1986 मध्ये, मोंटानाच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात सरहद्द ओलांडून आलेल्या लांडग्यांनी पिल्लं घातली होती. लांडगा शेकडो किलोमीटर चालतो, त्याला देशाची सीमा कुठली? पण या तक्रारीच्या मुळाशी जी भावना आहे ती मला कळते. पायी आलेला लांडगा डोंगराचा, आणि ट्रकमधून उतरवलेला लांडगा वॉशिंग्टनचा, असं त्यांच्या मनात बसलं आहे.

याहून वजनदार तक्रार आहे ती शब्द पाळण्याची. लांडगे आणताना उद्दिष्ट ठरलं होतं: तिन्ही राज्यांत मिळून किमान 300 लांडगे आणि 30 प्रजननक्षम जोड्या, सलग तीन वर्षं. हे उद्दिष्ट 2002 मध्ये पूर्ण झालं. शिकाऱ्यांची अपेक्षा साधी होती, आता लांडग्याचं व्यवस्थापन राज्यांकडे द्या. प्रत्यक्षात 2008 मध्ये लांडगा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढला आणि कोर्टानं परत घातला. 2009 मध्ये पुन्हा काढला, मोंटाना-आयडाहोत पहिला कायदेशीर हंगाम झाला, आणि 2010 मध्ये कोर्टानं तोही निर्णय फिरवला. शेवटी 2011 मध्ये अमेरिकी संसदेनं अर्थसंकल्पाच्या विधेयकाला एक कलम जोडून प्रश्न निकालात काढला. तोवर लांडग्यांची संख्या सतराशेच्या घरात गेली होती. वायोमिंगचा तिढा तर 2017 पर्यंत चालला.

कोर्टाकडेही कारणं होती, हे सांगायला हवं. वायोमिंगनं राज्याच्या जवळजवळ 85 टक्के भूभागावर लांडग्याला उपद्रवी जनावर ठरवलं होतं. तिथे त्याला कोणीही, केव्हाही मारावं. अशा योजनेवर न्यायाधीश कसा विश्वास ठेवणार? तरीही 2002 ते 2011 ही नऊ वर्षं सामान्य शिकाऱ्याला जे शिकवून गेली ते फार वाईट होतं. आकडा गाठला तरी आकडा पुरत नाही, असं त्यानं मनाशी धरलं. आज कुठल्याही राज्यात लांडग्याचा विषय निघाला की लोक दात-ओठ खातात, त्यातला बराचसा राग त्या नऊ वर्षांतला आहे, असं मला वाटतं.

मग एल्कांचं काय? यलोस्टोनच्या उत्तरेकडच्या कळपात 1994 मध्ये 19,000 च्या आसपास एल्कं मोजली गेली. 2013 मध्ये चार हजारही भरली नाहीत. हा आलेख मोंटानातल्या कितीतरी शिकाऱ्यांना तोंडपाठ आहे, आणि 1995 च्या रेषेवर बोट ठेवून ते विचारतात, अजून काय पुरावा पाहिजे? पण त्याच काळात तिथे दुसरंही काही घडत होतं. 1996-97 चा हिवाळा भयंकर कडक गेला. अस्वलं वाढली, पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा ही मोठी रानमांजरं, वाढले. उद्यानाच्या वेशीवर गार्डिनर गावाजवळ हिवाळ्यात खास शिकार चालायची, मुद्दाम एल्क माद्यांची, कळप कमी करावा म्हणून. कळप घसरणीला लागला तरी ती काही वर्षं चालू राहिली, नंतर बंद झाली. व्यायला आलेली मादी मारणं आणि म्हातारं किंवा लंगडं जनावर मारणं यांचा कळपावरचा परिणाम सारखा नसतो. लांडग्याचा वाटा होताच. एकट्याचा नव्हता.

इथे बिटररूट खोऱ्याची हकीकत सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं या सगळ्या वादातलं सर्वांत प्रामाणिक काम तिथे झालं. मोंटानाच्या नैऋत्येला हे खोरं आहे. 2010 च्या सुमाराला तिथली पाडसं जगेनाशी झाली. लांडग्यांची टोळी डोळ्यांना दिसत होती, त्यामुळे खोऱ्यात दुसरं नावच कोणी घेईना. राज्याचं खातं आणि मोंटाना विद्यापीठ यांनी 2011 पासून नवजात पाडसांच्या कानात छोटे रेडिओ बिल्ले बसवायला सुरुवात केली. स्थानिक शिकारी संघटनांनीही पैसे दिले. पाडसाची हालचाल थांबली की बिल्ल्याचा ठोका बदलतो, मग माणसं धावत त्या जागी पोचायची. आता मेलेलं पाडूस कसं वाचायचं ते ऐका. लांडग्यांनी मारलं असेल तर हाडं चौफेर फेकलेली, पाठलागाच्या वाटेवर रक्ताचा माग. अस्वलानं खाल्लं असेल तर कातडं मोजा उलटा करावा तसं सोललेलं. आणि पहाडी सिंह असेल तर मानेवर नाहीतर गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा, पुढे ओढत नेल्याचा पट्टा, आणि झाडाखाली पाइनच्या सुया, माती, बर्फ ओढून झाकून ठेवलेलं धूड. जखमेवरची लाळ टिपून डीएनए तपासायचा तो वेगळा.

निकाल आला तेव्हा पाडसांचा सर्वांत मोठा मारेकरी पहाडी सिंह निघाला. लांडगा पुष्कळ मागे होता. सिंह एकटा, रात्री, गुपचूप मारतो. लांडगे टोळीनं फिरतात, ओरडतात, बर्फात पावलं उमटवतात. जे दिसतं त्यावर आळ जातो. या अभ्यासाचं मोल असं की शिकाऱ्यांच्या तक्रारीची थट्टा कोणी केली नाही. ती तपासण्याजोगा प्रश्न म्हणून घेतली, त्यांचेच पैसे घेऊन तपासली, आणि उत्तर त्यांच्यापुढे ठेवलं.

आयडाहोतल्या लोलो भागात मात्र उत्तर इतकं सोपं नाही. 1910 च्या महाभयंकर वणव्यात आयडाहो आणि मोंटानातलं सुमारे 30 लाख एकर रान जळालं. जळल्या उतारांवर झुडपं माजली आणि त्यावर एल्क पोसलं. 1980 च्या दशकाअखेर लोलोत जवळजवळ 16,000 एल्कं होती. पुढे वणवे विझवले गेले, रान दाटलं, झुडपांवर सावली पडली. मग 1996-97 चा तोच हिवाळा. 2010 मध्ये तिथे दोन हजारांच्या आसपास एल्कं उरली. कळप खालावला तो चाऱ्यामुळे, पण खालावलेला कळप वर येईना त्यात लांडग्यांचा हात होता. तिथे मोठ्या माद्याही ते मारत होते. लोलोतला शिकारी लांडग्याला दोष देतो तेव्हा त्याला खोटं पाडता येत नाही. फक्त सगळे लांडगे मारले तरी 1980 च्या दशकातलं लोलो परत येणार नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. त्यासाठी रान उघडावं लागेल.

राज्याचा एकूण आकडा घेतला तर मोंटानात आज 1995 पेक्षा जास्त एल्कं आहेत. हे सांगितलं की शिकारी चिडतात, आणि त्यांचं चिडणं समजण्याजोगं आहे. एल्क आहे, पण त्याच्या वाटेवर नाही. बरेच कळप आता खाजगी रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यांवर, जाऊन बसतात, तिथे मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि मालक कधी कधी दुसऱ्या राज्यातला कोट्यधीश असतो. लांडग्यानं एल्कांना सावध केलं हे खरं. पण सार्वजनिक जंगलात फिरणाऱ्या मास्तराच्या हातून शिकार निसटते ती कुंपणामुळेही. त्या कुंपणाबद्दल विधिमंडळात आवाज उठवणं अवघड, लांडग्याबद्दल उठवणं सोपं.

2021 मध्ये तेच झालं. मोंटाना आणि आयडाहोनं कायदे बदलले: गळफास, आमिष, खाजगी जमिनीवर रात्रीची शिकार, आणि लांडगे पकडणाऱ्याला खर्चाची भरपाई. यलोस्टोनच्या वेशीवरचा कोटा मोंटानानं उठवला, आणि त्या हिवाळ्यात उद्यानाच्या टोळ्यांतले 25 लांडगे बाहेर पडून मारले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमध्ये परवानाधारक शिकाऱ्यांचा कोटा 119 होता. तीन दिवसही पुरे झाले नाहीत तोच 218 लांडगे मेले. तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी आपल्या वाट्याचा कोटा वापरलाच नव्हता, कारण लांडगा त्यांना भावासारखा.

या कायद्यांना माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो शिकाऱ्यांच्याच बाजूनं आहे. जनावराला निसटायची संधी दिली पाहिजे, हा तिथल्या शिकारीचा जुना दंडक. रात्री दिव्याच्या झोतात किंवा तारेच्या फासात मारलेल्या जनावराला ती मिळत नाही. बंदूक कधी हातात न धरलेला शहरी मतदारही हे चित्र पाहतो. कोलोराडोत 2020 मध्ये लांडगे आणायचे की नाही यावर सार्वमत झालं. शहरांच्या जोरावर ते निसटत्या फरकानं मंजूर झालं आणि डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनहून आणलेले 10 लांडगे सोडले. मतपेटी हाती आली की पिटमन-रॉबर्टसनचा हिशेब कोण वाचतं?

मला विचाराल तर कोटा खोऱ्याखोऱ्यानं ठरावा, पाडसांच्या गणनेवर ठरावा, लांडग्याबरोबर सिंह, अस्वल आणि चारा यांचाही त्यात विचार व्हावा, आणि उद्यानाच्या वेशीवर तो अगदी मोजका असावा.

जाता जाता आपल्याकडचं. आपल्या देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांवर त्यांना पोसतो तो धनगर. त्यांची बरीचशी गुजराण त्याच्या मेंढरांवर चालते. त्याच्याकडे परवाना नाही, संघटनेचा पैसा नाही, विधिमंडळात कोणी कलम जोडून देणारं नाही. सरकारी भरपाई आहे, पण त्यासाठी मेलेलं मेंढरू जागेवर ठेवून वनरक्षक येऊन पंचनामा होईपर्यंत थांबावं लागतं. मेंढरांचा वाडा तर पहाटे पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो, मग बहुतेक वेळा धनगर ते सोडून देतो. फोनवरच्या फोटोवरून आणि जागेच्या नोंदीवरून हा पंचनामा मान्य करायला काही अडचण नसावी. इथे वनखात्यातली मंडळी बसली आहेत, त्यांनी प्रश्नोत्तरांत यावर बोलावं अशी विनंती करतो.